डेगूंचा विश्वास कसा बसेल? (भुसावळ, दोन माद्या)

तापीकाठची

नमस्कार मंडळी. पुण्याचा मावसभाऊ नोकरीसाठी परदेशी गेला आणि त्याच्या दोन डेगू माद्या आमच्या घरी भुसावळला आल्या. डेगू म्हणजे कुरतडणारा एक छोटा प्राणी. सख्ख्या बहिणी आहेत, वय दोन वर्षांच्या आतबाहेर. तीन मजली लोखंडी पिंजरा, पळायचं चाक, आंघोळीच्या वाळूचं भांडं, वाळलेलं गवत, सगळं त्यानं सोबत दिलंय. चिंगी धीट आहे, जाळीला नाक लावून वास घेते. साळू मात्र मी खोलीत पाऊल टाकलं की धूम ठोकते, ती थेट लाकडी घरट्यात. मावसभावाच्या खांद्यावर या दोघी बसायच्या, त्याचे व्हिडिओ मी पाहिलेत. म्हणजे माणसाची सवय आहे, मी मात्र त्यांना परकी आहे.

माझी आई शिरपूरकडची. ती रोज विचारते, "हाऊ उंदीर से का खार से, पहिले ते सांग." तिलाही भीती वाटते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी येतील, सोबत भाचेकंपनी. त्याआधी साळूची धास्ती थोडी तरी कमी व्हावी असं फार वाटतंय. हात कधी आणि कसा पुढे करायचा? घाई करायची नाहीये, पण नुसतं वाट बघत बसणंही बरोबर वाटत नाही. ज्यांनी डेगू पाळलेत त्यांनी सविस्तर लिहा, विनंती आहे.

अमळनेरचा

ताई, डेगू नाही पाळले, पण पांढरे उंदीर बरीच वर्षं होते माझ्याकडे. रोज दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घ्यायचं. आधी धडपड करतात, मग शांत होतात आणि सवय लागते. प्राण्याला आपला वास कळला पाहिजे, एवढंच.

लळिंगकर

दादांचा अनुभव उंदरांपुरता खरा असेल, पण ताई, डेगूला ही पद्धत लावू नका. हे मी ठामपणे लिहितोय, कारण धुळ्यात माझ्याकडे डेगूंचा छोटा कळप आहे आणि त्यातले दोघे असेच पकडून पकडून बुजवलेले आले होते.

पकडलेला डेगू शांत झाला असं दिसतं तेव्हा तो बहुतेक वेळा थिजलेला असतो. हा चिलीच्या मध्यभागातला प्राणी. झुडपी माळरान, डोंगरउतार आणि जमिनीखाली खणलेली बिळं, असं त्याचं घर. वरून शिकारी पक्षी, खालून कोल्हा. त्यामुळे वरून येणारी कुठलीही वस्तू म्हणजे जिवावरचं संकट, हे त्याच्या रक्तातच आहे. तुमचा हात कितीही प्रेमाचा असो, वरून आला की साळूला त्यात प्रेम दिसणार नाही. त्यातून पकडून धरलं तर तिची खात्रीच पटते की हा हात आला की सुटका नाही.

म्हणून माझं सांगणं एकच: जवळ यायचं की नाही हे डेगूनं ठरवायचं, आणि निघून जायची वाट त्याला कायम मोकळी हवी. बाकी सगळं यातून आपोआप येतं.

सुरुवात पिंजऱ्याच्या जागेपासून करा. जमिनीवर ठेवला असेल तर उचलून टेबलावर घ्या, म्हणजे तुम्ही बसल्यावर तुमचं तोंड आणि त्या साधारण एका पातळीला येतील. एक बाजू भिंतीला टेकवा. चारही बाजूंनी माणसं ये-जा करणारी जागा नको. टीव्हीशेजारी नको, स्वयंपाकघरात तर नकोच, फोडणीचा धूर त्यांना सोसत नाही. मग रोज ठरलेल्या वेळी शेजारी खुर्ची टाकून नुसतं बसा. पेपर वाचा, भाजी निवडा, फोनवर हळू आवाजात बोला. त्यांच्याकडे टक लावून बघू नका. खोलीत शिरताना दारातूनच नेहमीचे दोन शब्द बोला, रोज तेच. आवाज आधी, माणूस नंतर, हा क्रम त्यांना कळला की दचकणं कमी होतं.

साळू तुमच्यादेखत घरट्याबाहेर येऊन गवत खायला लागली की पुढची पायरी. पिंजऱ्याचं समोरचं दार उघडा, तळहात वर करून तळाशी ठेवा आणि ठेवून द्या. बोटं हलवायची नाहीत. कोपर कशावर तरी टेकवा, नाहीतर हात भरून येतो आणि नेमका ती जवळ आल्यावर हलतो. तळहातावर सूर्यफुलाची एक बी किंवा ओट्सचा चिमूटभर चुरा. चिंगी आधी येईल, येऊ द्या. साळू घरट्यातून बघत असते. बहिणीनं हातावरून खाल्लं आणि तिला काही झालं नाही, ही गोष्ट तिला तुमच्या शंभर वेळा चुचकारण्यापेक्षा जास्त पटते. डेगू कळपात राहणारे आहेत. रानात माद्या एकाच बिळात पिल्लं वाढवतात, एकमेकींच्या पिल्लांना पाजतात. एकमेकींकडे बघून शिकणं त्यांच्यात आहेच.

पहिल्यांदा हातावर आली की ती बोटाला दात लावून बघेल. हात ओढू नका, हा चावा नसतो. हात आधी बिनवासाच्या साबणानं धुतलेला असावा. शेवभाजी करून आलेल्या हाताला मसाल्याचा वास असतो, मग बोट आणि खाऊ यातला फरक तिला कळणार कसा?

आता शेपटीबद्दल, हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. डेगूला शेपटीला कधीही धरायचं नाही. शत्रूच्या तोंडात शेपटी सापडली तर तिची कातडी सोलून निघते आणि डेगू पळून जातो, अशी त्याची रचना आहे. आतलं हाड उघडं पडतं, वाळतं, मग तो स्वतःच ते कुरतडून टाकतो. गेलेली शेपटी परत येत नाही. उचलायची वेळ आलीच तर दोन्ही ओंजळी खालून आणि लगेच छातीशी.

तापीकाठची

लळिंगकर जिभाऊ, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. शेपटीचं ऐकून ती हळहळली, आता येणाऱ्या-जाणाऱ्याला तीच बजावते.

एक शंका. मी दुपारी मोकळी असते, तेव्हा बसते शेजारी. पण दुपारी दोघी निपचित पडून असतात. डेगू दिवसा जागे असतात असं वाचलं होतं, मग हे आजारपण तर नाही?

पशुवैद्यक धुळे

ताई, आजारपण नसावं, पण खोलीचं तापमान आधी बघा. डेगू दिवसाचे प्राणी आहेत हे बरोबर. मात्र चिलीतही उन्हाळ्यात ते सकाळी आणि संध्याकाळी बाहेर पडतात, भर दुपारी बिळात जातात. थंडीत दुपारचे फिरतात. तुमच्या दोघी तेच करताहेत. उजाडताना आणि दिवेलागणीला बसून बघा, वेगळेच प्राणी दिसतील.

पण भुसावळचा उन्हाळा ही साधी गोष्ट नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. डेगूंना तिशीच्या पुढे त्रास व्हायला लागतो आणि त्यांना घाम येत नाही, त्यामुळे नुसत्या पंख्याच्या वाऱ्यानं अंग गार होत नाही. पत्र्याखालची, पश्चिमेच्या भिंतीची खोली टाळा. घरातली सगळ्यात गार खोली त्यांना द्या, एसी असेल तर तीच. कूलर लावलात तर झोत पिंजऱ्यावर नको आणि खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते. पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा आणि एक आडवा टाकलेला मातीचा माठ ठेवा. पाण्याची बाटली गोठवून, जाड फडक्यात गुंडाळून जाळीच्या बाहेरून टेकवली तरी आधार होतो. लाईट गेल्यावर या गोष्टी कामाला येतात. डेगूच्या अंगावर पाणी मात्र ओतायचं नाही.

पाय पसरून पडलाय, श्वास जोरात चाललाय, तोंडातून लाळ येतेय आणि हाक मारली तरी उठत नाही, असं दिसलं तर त्याला गार खोलीत घेऊन, पंजे आणि कान ओल्या बोटांनी पुसत लगेच दवाखाना गाठा. बर्फ लावू नका.

आणि उकाड्यानं गळालेल्या प्राण्याला माणसाळवायचा प्रयत्न करू नये. त्याला तेव्हा सावली आणि शांतता हवी असते. मार्च ते जून या काळात तुमचं शेजारी बसणं पहाटेच ठेवा.

रावेरची केळी

आमच्याकडे बारमाही केळी. घरात खारूताई येते, तिला केळं फार आवडतं. डेगूला केळ्याचा तुकडा दाखवला तर लगेच हातावर येईल की. ताईंना हवी तर घरची पाठवतो.

पशुवैद्यक धुळे

भाऊ, भावना चांगली आहे, पण केळं नको. द्राक्षं, आंबा, गूळ, खजूर, बिस्किट, यातलं काहीच नको. डेगूचं इन्सुलिन इतर सस्तन प्राण्यांच्या इन्सुलिनपेक्षा वेगळ्या घडणीचं आणि कमी ताकदीचं असतं. साखर त्याला पेलत नाही. मधुमेह होतो, डोळ्यांत मोतीबिंदू धरतो. केळं दिलं तर तो येईल हे खरं आहे, आवडीनं खाईल हेही खरं आहे, म्हणूनच मी इतकं स्पष्ट लिहितोय.

मुख्य खाणं म्हणजे वाळलेलं गवत, तेही सतत समोर. विकतचं टिमोथी गवत परवडत नसेल तर आपल्याकडचं मारवेल किंवा पवन्या चालतं. कोरडं, बुरशी नसलेलं, आणि फवारणी झालेल्या बांधावरचं नाही. कापूस आणि केळीच्या शेताकडेचं गवत म्हणून मी टाळायला सांगतो. सोबत गिनीपिगचं दाणा-खाद्य थोडं, त्यात काकवी किंवा सुकी फळं नसलेलं. कोथिंबिरीची काडी रोज चालेल. शेंगदाणे आणि सूर्यफूल तेलकट आहेत, ते हातावरच्या खाऊपुरते, दिवसाला एक-दोन दाणे. दात बघत जा. निरोगी डेगूचे पुढचे दात नारिंगी पिवळे असतात. ते पांढुरके पडायला लागले तर दाखवून घ्या.

रावेरची केळी

माहीत नव्हतं, बरं झालं विचारलं. आमच्या बांधावर मारवेल आहे, तिकडे फवारणी नसते. ताई, सांगा, वाळवून पाठवतो.

नवापूर घाट

माझ्या मुलीकडे डेगू आहेत म्हणून लिहिते. आवाजांकडे लक्ष द्या ताई. त्यांची बोली मोठी आहे. निवांत असतील तर बारीक किलबिल करतात, एकमेकींना साफ करताना तर सतत. आमच्याकडचे मुलगी शाळेतून आली की तसेच किलबिलतात. एकच तीक्ष्ण आवाज पुन्हा पुन्हा काढला तर तो इशारा असतो: धोका आहे, बिळात चला. तो ऐकला की आपण काहीही करत असलो तरी थांबायचं. आणि हात लावताना कुरकुरल्यासारखा, ओढलेला आवाज आला तर आत्ता नको असा त्याचा अर्थ. तो पहिल्याच वेळी मानला की त्यांना चावायची गरज उरत नाही. आमच्याकडे कोणी चावा खाल्लेला नाही, त्याचं कारण हेच आहे असं मला वाटतं.

तापीकाठची

बरेच दिवसांनी लिहितेय. पिंजरा आतल्या उत्तरेच्या खोलीत हलवला, टेबलावर, एक बाजू भिंतीला. माठ आडवा टाकला. साळूनं लाकडी घरटं सोडून माठातच बिऱ्हाड केलंय. पहाटे चहा घेऊन बसते शेजारी. चिंगी पहिल्या आठवड्यातच हातावर आली. साळू परवा आली. आधी नुसते पुढचे दोन पाय बोटांवर ठेवले, बी उचलली आणि मागे सरकून खाल्ली. पाय इतके हलके आणि गार की लागलेसुद्धा नाहीत. काल मात्र हातावरच बसून खाल्ली आणि मिशा माझ्या मनगटाला लागत होत्या.

आता पुढे काय? तिला कुरवाळावंसं फार वाटतं.

लळिंगकर

ताई, वाचून फार आनंद झाला. मागे न सरकता हातावर बसून खाल्लं, ही मोठी गोष्ट आहे.

कुरवाळायचं पाठीवरून नाही. कुत्र्यामांजराला पाठ-डोकं थोपटतो तसं इथे चालत नाही, पाठीवर येतो तो शिकारी. डेगू एकमेकांशी जवळीक करतात ती साफसफाईनं. मान, कानामागे, हनुवटीखाली आणि काखेत दातांनी हलके हलके विंचरतात. तुम्हीही तेच करायचं. ती हातावर खात असताना दुसऱ्या हाताचं एक बोट खालच्या बाजूनं न्या आणि छातीला नखाच्या टोकानं हलकं खाजवा. दोन सेकंद, आणि बोट मागे घ्या. मागे घेणं विसरू नका, कारण तिथेच तिला ठरवायला मिळतं. ती जागची हलली नाही किंवा बोटाकडे झुकली तर पुन्हा. हळूहळू काखेपर्यंत जा. आवडलं की डेगू पुढचा पाय वर उचलून धरतो, मान एका बाजूला टाकतो, डोळे अर्धे मिटतो आणि थांबलात तर तसाच पाय वर धरून वाट बघतो. माझ्याकडची एक म्हातारी मादी दुसरा पायही उचलून दाखवते, आता या बाजूला.

मग एक दिवस ती तुमचं बोट धरून नखाच्या कडेला बारीक बारीक दात चालवेल. ओढू नका. ती तुम्हाला साफ करतेय. कळपात घेतल्याशिवाय डेगू हे करत नाही.

पिंजऱ्याबाहेर सोडायचं तेव्हा छोटी खोली घ्या. कूलरच्या, चार्जरच्या सगळ्या वायरी उचला, डेगूच्या दातांपुढे वायर टिकत नाही. दाराखालची फट आणि कपाटामागची जागा बुजवा. मग जमिनीवर मांडी घालून बसा आणि काही करू नका. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवा म्हणजे परतीची वाट त्यांना माहीत राहील. तुमच्या मांडीवरून त्या ये-जा करतील, आधी पळत, मग थांबत. परत घालताना पाठलाग करायचा नाही, त्यानं सगळी मेहनत वाया जाते. वाळूचं भांडं पिंजऱ्यात ठेवा, आंघोळीसाठी स्वतः आत जातात. वाळू चिंचिलासाठी (हाही डेगूसारखाच एक कुरतडणारा पाळीव प्राणी) मिळते तीच घ्या, बांधकामाची रेती नको.

आणि ही बुद्धी कमी समजू नका. जपानच्या राईकेन संस्थेतल्या संशोधकांनी २००८ साली डेगूंना छोट्या दाताळ्यानं लांबचा खाऊ ओढून घ्यायला शिकवलं होतं. आपल्या घरात त्या नावाला ओळखतात, हाकेला येतात, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर स्वतः चढतात. वजनकाट्याचं जरूर शिकवा: काट्यावर बी ठेवायची, चढली की आकडा टिपायचा. आठवड्याला वजन कळतं आणि धरावंही लागत नाही. मोठा डेगू साधारण १७० ते ३०० ग्रॅमच्या दरम्यान असतो, पण आपल्या प्राण्याचा नेहमीचा आकडा कोणता आणि तो घसरतोय का, हे महत्त्वाचं.

अमळनेरचा

जिभाऊ, हे बोट मागे घेण्याचं पटलं. एक विचारतो: दोघींऐवजी एकच डेगू पाळला तर तो माणसाला जास्त लळा लावेल ना? पोपटाबद्दल असं ऐकलंय.

लळिंगकर

नाही दादा. एकटा डेगू घाबरट होतो किंवा जाळी चावत बसतो. त्याला पहारा वाटून घ्यायला, बिलगून झोपायला दुसरा डेगू लागतो, ते आपण चोवीस तास देऊ शकत नाही. सोबत असलेला डेगू निर्धास्त असतो आणि निर्धास्त डेगूच माणसाजवळ येतो. नर-मादी जोडी मात्र घेऊ नका. गर्भ साधारण ९० दिवसांचा, पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात, आणि बघता बघता इतकी होतात की त्यांना चांगली घरं मिळत नाहीत. आणि ज्याच्याकडून घ्याल त्याच्याकडून पक्कं बिल आणि प्राणी कुठे जन्मला याचे कागद मागून घ्या.

नवापूर घाट

ताईंच्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. तुमच्या आई एकट्या नाहीत. १७८२ साली मोलिना नावाच्या अभ्यासकानं डेगूची पहिली शास्त्रीय नोंद केली तेव्हा त्यानंही त्याला खारींच्या गटातच टाकलं होतं. खरं नातं मात्र गिनीपिग आणि चिंचिलाशी आहे.

तापीकाठची

आईला सांगितलं, खूश झाली. काल तिनं स्वतःहून कोथिंबिरीची काडी जाळीतून धरली आणि चिंगीनं ती तिच्या हातातून घेतली. "मनं नाव सांगजो हो तिले," म्हणाली.

आता आखाजी तोंडावर आली. सहा पोरं येतील, सगळ्यात लहान चार वर्षांचं. शिवाय एक दिवस आम्हाला शिरपूरला जायचंय, मुक्कामी. चिंगी प्रवासात त्रास देणार नाही, तिला सोबत न्यावं आणि साळूला इथेच शेजारच्या काकूंकडे ठेवावं असा विचार होता. कसं करू?

पशुवैद्यक धुळे

दोघींना वेगळं करू नका. थोडा काळ दूर राहिल्या तरी एकमेकींचा ओळखीचा वास जातो आणि परत आल्यावर सख्ख्या बहिणीही परक्यासारख्या भांडू शकतात. मग मध्ये जाळी लावून, रोज जागा अदलाबदल करून, नव्यानं ओळख करून द्यावी लागते. एवढ्या उन्हात प्रवासही नको. दोघींना घरीच, त्यांच्याच पिंजऱ्यात ठेवा आणि काकूंना सकाळ-संध्याकाळ येऊन पाणी, गवत आणि खोलीचा गारवा बघायला सांगा. पाण्याच्या दोन बाटल्या लावा, एक अडकली तर दुसरी चालेल.

लळिंगकर

पोरांचं असं करा. पाहुण्यांची झोपायची खोली आणि पिंजऱ्याची खोली वेगळी ठेवा. पोरांना पहाटे, एका वेळी दोघांनाच आत न्या, जमिनीवर बसवा. बोट जाळीत घालायचं नाही, पिंजरा वाजवायचा नाही, आणि उचलायचं तर कोणीच नाही. लहान मुलाच्या हातून डेगू सुटला की घाईत शेपटीच हाताला लागते. मोठ्यांना तळहातावर बी घेऊन बसू द्या, दार तुम्ही उघडा आणि तुम्हीच शेजारी थांबा. साळू माठातून बाहेर आली नाही तर त्या दिवशी पोरांनी फक्त चिंगीला भेटायचं, माठ हलवून तिला बाहेर काढायचं नाही. झोके आणि गाणी दुसऱ्या बाजूला अंगणात असतील तर दुपारभर खोलीचं दार लावून घ्या आणि दारावर कागद चिकटवा, म्हणजे कोणी चुकून उघडणार नाही.